एक-तीन-चार-दोन

उजवा कान मी खडकीच्या प्रेस शॉपमध्येच ठेवून आलो,
निवृत्तीच्या सात वर्षं आधी.
डाव्याला यंत्र आहे,
त्यातून कुकरची शिट्टी आणि दामल्यांची तक्रार
एकाच पट्टीत ऐकू येते.

इंजिन उघडताय खरे, कुमुदिनी म्हणाली,
नीट लागलं की नाही ते कळणार कसं तुम्हाला?
ऐकू न आल्यासारखं करणं
ही या वयातली एक सोय आहे.

गाडी चौसष्ट सालची फियाट.
कर्वेनगरच्या पार्किंगमध्ये अकरा वर्षं उभी,
बॉनेटवर मांजरीच्या तीन पिढ्या.
बीमला साखळी-पुली बांधून इंजिन उचललं
तर सोसायटीची तातडीची सभा लागली,
बीमविषयी.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत नट-बोल्ट.
झाकणांवर तिचं अक्षर:
'टायमिंग कव्हर. सहा. एकाचे आटे गेलेत.'
'हे कशाचं ते यांनाही माहीत नाही.'

चौथ्या सिलिंडरच्या वरच्या कडेशी
नखाला अडेल एवढी पायरी पडली होती.
भोसरीला पोपट लांडगेने चार दशांश मिलिमीटर वाढवून दिलं,
म्हणाला, काका, अजून एकदा वाढेल, मग स्लीव्ह.
येताना बसमध्ये हिशेब केला.
वर्षाला फार तर दीड हजार किलोमीटर.
इंजिनापाशी माझ्यापेक्षा पुष्कळ वेळ आहे.

जुन्या बाजारात रविवारी
शकूरने पितळेचा जेट दातांत धरून फुंकला,
डोळे मिटले, म्हणाला, हाच.
घरी मापला. हाच होता.

टॉर्क रेंच मी ओढायचो, आकडा ती वाचायची,
माझा चष्मा तेवढा खाली पोचत नाही.
हेड बसलं त्या दिवशी तिने विचारलं,
एक-तीन-चार-दोन का?
सरळ एक-दोन-तीन-चार का नाही?
म्हटलं, एक वर येतो तेव्हा चारही वर येतो,
पण पेटतो त्यातला एकच.
दुसरा तेवढ्यात नुसता श्वास सोडत असतो.
आपल्यासारखंच, ती म्हणाली,
आणि ग्रीसचे हात पुसायला फडकं दिलं.
पेटणारा कोण, हे मी विचारलं नाही.

पॉइंटचा गॅप लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याने लावला,
फीलर गेज कुठल्या डब्यात ते सापडेना.
पहिल्यांदा नुसता खोकला.
दुसऱ्यांदा कार्बोरेटरमधून एक शिंक, ज्वाळेसकट.
तिसऱ्यांदा धरलं,
पण लंगडत.

मग मी यंत्र काढून खिशात ठेवलं.
लांब स्क्रू ड्रायव्हरचं पातं टॅपेट कव्हरवर टेकवलं,
मूठ दातांत.
ऐकू काहीच आलं नाही.
कळलं.
तिसऱ्याचा एक टॅपेट
भातातल्या खड्यासारखा दाताखाली आला.
बंद करून, कव्हर काढून, पाव चकती फिरवली. खडा गेला.

राहिलं टायमिंग.
ते दातांना समजत नाही.
कुमुदिनी छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती,
शंभर आवाजांच्या गिचमिडीतून
एक बारीक 'हॅलो' वेगळा काढायचा, हे तिचं काम.
मी डिस्ट्रिब्युटर धरला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत
केसभर फिरवत राहिलो.
कपाळावर आठी. थोडी कमी. पुन्हा आठी.
मागे, बोटाने तिने दाखवलं, मागे,
आणि एका जागी तिचे खांदे सैल झाले.

मी तिथेच नट आवळला.
बॉनेटवरच्या स्टीलच्या भांड्यात
चहा हलायचा थांबला होता.

दामले जिन्यावरून खाली आले.
त्यांचे ओठ बराच वेळ हलताना दिसले.
यंत्र माझ्या खिशातच होतं.
कुमुदिनीने मान न वळवता
एक हात उंच करून त्यांना थांबवलं,
लाइन चालू असताना करायची
अगदी तसा.